तिरफळाविना शेजवान

गेल्या महिन्यांत आमच्या आईस ऐंशी वर्षें पूर्ण झालीं. त्या दिवशीं घरींच पुरणपोळी व्हावी असा माझा मनोदय होता. परंतु घरांतील तरुण पिढीनें बहुमताच्या बळावर तो हाणून पाडला, आणि पुण्यांतील एका चिनी म्हणविणाऱ्या उपाहारगृहांत आम्ही सातजण जाऊन बसलों.

पदार्थांच्या यादीस पानेंच्या पानें खर्ची पडलीं होतीं. प्रत्यक्षांत जें पुढें आलें त्यांतील एकास मांचुरियन, दुसऱ्यास शेजवान, तिसऱ्यास चिली असें म्हणत. पण तिन्ही ताटल्यांत तोच मक्याच्या पिठानें दाटविलेला, सोया सॉसनें काळवंडलेला, लसणाच्या उग्र वासाचा चकाकणारा रस! आईनें तिन्हींतलें थोडथोडें चाखलें, चमचा खालीं ठेवला आणि आपल्या मालवणी बोलींत मला विचारलें, “अरे, ह्यां सगळां एकाच टोपातलां काय रे?” यावर कोणीच बोललें नाहीं. दाराशीं पुढचीं कुटुंबें तिष्ठत असल्यामुळें वाढप्यानें न मागतांच बिल आणून ठेवलें.

हा प्रसंग महाविद्यालयांत सांगितला तेव्हां एका तरुण सहकाऱ्यानें मजवर सोंवळेपणाचा आरोप केला. पाककला प्रवास करते, हें आतां भारतीयच अन्न झालें आहे, त्यांत चीन शोधणें हा वेडेपणा, असें त्यांचें म्हणणें. यांतील पूर्वार्ध मला सर्वस्वी मान्य आहे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हीं तिन्ही अमेरिका खंडांतून आलेलीं. तीं परत धाडलीं तर आपल्या मिसळीचें आणि बटाटेवड्याचें काय होईल? मांचुरियनचीही कथा अशीच. कलकत्त्यांत जन्मलेले नेल्सन वाँग यांनीं १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आलें, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच सामग्री घेऊन, गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घालून तें सिद्ध केलें, असें मानलें जातें. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील थंड मुलूख. ज्वारी आणि सोयाबीन पिकविणारा. (ज्वारीचें नांव ऐकून देशावरील वाचकांस त्याविषयीं थोडी आपुलकी वाटेल!) तेथें हा पदार्थ कोणास ठाऊक नसेल, तरी त्याबद्दल माझी मुळींच तक्रार नाहीं. कल्पकता ही कल्पकताच. तक्रार आहे ती एका माणसाच्या कल्पकतेवर पुढें अर्धें शतक इतरांनीं जो आळस पोसला त्याची.

शेजवानचेंच पाहा. सेचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण केवळ तिखटपणांत नाहीं. जिभेस मुंग्या आणून ती किंचित् बधिर करणाऱ्या एका फळाच्या सालींत तो आहे. तें फळ म्हणजे आपल्या कोंकणांतल्या तिरफळाचें सख्खें भावंड. वनस्पतिशास्त्र दोहोंस एकाच कुळांत, किंबहुना एकाच प्रजातींत बसवितें. ज्या बाईनें साठ वर्षें बांगड्याच्या आमटींत तिरफळें ठेचून घातलीं, तिला त्या एका घांसांत परक्या देशाची ओळख पटली असती. आमच्या शेजवानांत नेमकी तीच चव नाहीं. तेव्हां परकें तें आपल्या रुचीस मानवेल असें केलें, ही सबब येथें टिकत नाहीं. जें मुळांतच आपलें होतें तेंच वगळलें आहे.

हातगाडीवर कढई परतणाऱ्या पोरास मी बोल लावीत नाहीं. स्वस्तांत पोट भरण्याचें काम तो प्रामाणिकपणें करतो. वातानुकूलित दालनांत भिंतीवर नाग रंगवून चौपट दाम घेणाऱ्यास मात्र जाब विचारलाच पाहिजे. ज्या समाजाच्या नांवावर हा धंदा चालतो त्याचें आपण काय केलें? १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारें ३००० लोकांस राजस्थानांतील देवळी येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. त्यांतले कित्येक येथेंच जन्मलेले होते, आणि सुटकेनंतर अनेकांनीं हा देशच सोडला. माणसें गेलीं, तांबडे कंदील राहिले. निदान त्यांची चव तरी कष्टानें शिकावी!

घरीं आल्यावर आईनें दहीभात मागितला. पुढच्या बुधवारीं तिनें तिरफळांचा डबा काढला. आमटीचा पहिला घोट घेऊन कन्या थबकली आणि म्हणाली, “आजी, यांत काय घातलंस? जिभेला मुंग्या आल्या.”