डब्याची सुटी

सांगलीहून एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. मुलाची बदली झाल्यामुळें त्यांचा नातू साताऱ्याची शाळा सोडून जूनमध्यें सांगलीस नववींत आला. मुलगा हुशार, गणितांत कोणास हार न जाणारा. परंतु डब्याच्या सुटींत तो जिन्याच्या पायरीवर एकटाच जेवतो, शंका आली तरी वर्गांत विचारीत नाहीं, आणि अलीकडे सोमवार उजाडला कीं त्याचें पोट दुखूं लागतें. "वयानुसार सुधारेल," असें घरांतील पुरुषमंडळी म्हणतात. आमचें मत काय, असें त्या विचारतात.

पोहणें जसें वयानुसार येत नाहीं, तसें हेंहि येत नाहीं. कृष्णाकाठच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे.

भरल्या घरांत मूल अबोल राहतें कसें, याचें पुष्कळांस नवल वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. पाहुण्यांनीं "कितवींत आहेस?" म्हणून विचारलें कीं उत्तर आजोबा देतात, वाण्याकडे काका जातात, चुलत भावाशीं भांडण झालें तर काकू मधें पडून तें तत्काळ मिटवितात. भांडण मिटतें, पण तें मिटवावें कसें हें त्या दोघांस कळतच नाहीं.

येथें साताऱ्याच्या एका वसतिगृहाचें स्मरण होतें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कराडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह काढलें; १९२७ सालीं महात्माजींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. निरनिराळ्या जातींचीं, खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें तेथें एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस बसत. आपल्यांतील बहुतेक घरांत पंक्तिभेद पाळला जात होता त्या काळची ही गोष्ट, हेंहि विसरतां कामा नये. भाकरी करपविणाऱ्यास काय बोलावें, दुसऱ्याचें काम आपल्यावर आलें तर नाहीं कसें म्हणावें, हें अशा ठिकाणीं व्याख्यानानें नव्हे, चुलीपाशींच ठरतें. एका गुरूच्या शिष्यांस संस्कृतांत 'सतीर्थ्य' म्हणतात. तो शब्द साधतांना पाणिनीनें एकत्र शिकण्याचा नव्हे, एकत्र राहण्याचा उल्लेख केला आहे.

तेव्हां बाईंनीं प्रथम नातवाच्या वतीनें बोलणें घरांत सर्वांस बंद करावयास लावावें. पोस्टांत, बँकेंत, एस. टी.च्या चौकशीच्या खिडकीशीं त्यास एकट्यास पाठवावें. अडखळला तर अडखळूं द्यावा. शाळेंत बहुतेक मुलांचें अडतें तें पहिल्या वाक्यापाशीं. "सर, दुसरी पायरी समजली नाहीं," "तुझी वही उद्यां सकाळीं परत देईन," "मी इथें बसूं का?" हीं वाक्यें शब्दरूपांप्रमाणें मोठ्यानें दहा वेळ म्हणवून घ्यावीं. हसूं येईल, येऊं द्यावें. नकारहि शिकवावा. गृहपाठ उतरवून मागणाऱ्यास "उतरवूं देणार नाहीं, समजावून सांगतों" एवढें म्हटल्यानें मैत्री तुटत नाहीं.

डब्यांत दोन थालीपीठें अधिक घालावीं. साऱ्या वर्गासाठीं नव्हे, एकासाठीं. जमलेल्या टोळक्यांत शिरणें आम्हां म्हाताऱ्यांसहि जड जातें. पण एकटा बसणारा दुसरा मुलगा बहुतेक वर्गांत असतो, त्यास शोधावयास सांगावें.

पोटदुखी मात्र हसण्यावारी नेऊं नये. कोणी मारतो, चिडवितो, पैसे मागतो काय, हें रात्रीं शांतपणें, चारचौघांत नव्हे, विचारावें. तसें असेल तर तो मुलाच्या स्वभावाचा प्रश्नच नव्हे. वडिलांनीं दुसऱ्याच दिवशीं वर्गशिक्षकांस गांठावें. तसें नसूनहि दुखणें टिकलें तर डॉक्टरांस दाखवावें. आणि तो पायरीवर आनंदानें पुस्तक वाचीत बसत असेल, तर त्यास तेथून उठवूं नये. एकांत आवडणें हा दोष नव्हे. एकटें पडणें निराळें.

दिवाळीच्या सुटीनंतर बाईंनीं पुन्हां अवश्य लिहावें. थालीपीठें किती परत आलीं, तेंहि कळवावें.