खिचडीला मे महिन्याची सुट्टी नको

मेच्या सुरुवातीला जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना सुट्टी लागते, तेव्हाच शाळेतल्या स्वयंपाकघरालाही कुलूप लागते. ते निघते जूनच्या मध्यावर, विदर्भात तर जून सरता सरता. दुपारचे भरवशाचे जेवण म्हणजे शाळेतली खिचडी, अशी ज्या मुलांची स्थिती आहे, त्यांनी हे दिवस कसे काढायचे? २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना रोज मोफत मध्यान्ह भोजनाचा हक्क देतो, पण शाळेच्या सुट्ट्या वगळून. अंगणवाडीतला पूरक आहार मात्र वर्षाला ३०० दिवस द्यावा, असा निकष आहे. म्हणजे मे महिन्यात पाच वर्षांच्या भावाच्या ताटात अंगणवाडीची उसळ पडू शकते आणि सात वर्षांची बहीण त्याच्याकडे बघत राहते. ही विसंगती दूर करून उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रोज सकाळचे तीन तास खेळ, वाचन आणि जेवणासाठी उघडायला हव्यात.

यामागचे तत्त्व न्यायालयाने केव्हाच मान्य केले आहे. शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. दुष्काळी भागात ते उन्हाळी सुट्टीतही द्यावे, असे एप्रिल २००४ मध्ये सांगितले आणि २०१६ च्या दुष्काळात पुन्हा बजावले. त्याला अभ्यासाचाही आधार आहे. दुष्काळात लहानपणी खुरटलेली मुले शाळेतल्या जेवणामुळे बरीच सावरली, असे आंध्र प्रदेशातल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत आढळले. मग प्रश्न उरतो तो दुष्काळ जाहीर न झालेल्या तालुक्यांचा. रब्बीची सुगी उरकली की पेरणीपर्यंत कोरडवाहू गावात शेतमजुराला काम मिळणे मुश्कील. आई-बाप वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. सकाळची भाकरी सकाळीच संपलेली असते. दुपारी दोघांच्या वाट्याला कोरा चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा येतो. या घरातली भूक सरकारी आणेवारी पाहून येत नाही.

दुष्काळी वर्षांत सुट्टीतले जेवण सुरू केले तरी मुले फारशी फिरकत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही, पण त्याचे कारण समजून घ्यायला हवे. नुसत्या पळीभर भातासाठी भर दुपारी रिकाम्या शाळेत जाणे कोणत्याही मुलाला नकोसे वाटते. आपण गरीब आहोत म्हणून बोलावले, हेही त्याला कळते. म्हणून जेवण आणि उपक्रम एकत्र हवेत. इंग्लंडमध्ये शाळेतल्या मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलांसाठी मोठ्या सुट्ट्यांत हेच करतात. २०२१ पासून ही योजना देशभर आहे. आपल्याकडे पोहणे, नाट्य, रोबोटिक्स यांची उन्हाळी शिबिरे शहरात आणि तीही हजारोंची फी घेऊन चालतात. पण साधनांची वाण नाही. राज्यात ११ हजारांहून अधिक अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्या कपाटांतली मुलांची पुस्तके महिनाभर शाळेत आणून ठेवता येतील. लगोरी, खो-खो, कबड्डीला तर मैदानाखेरीज काही लागत नाही. गावातला डी.एड. झालेला, कॉलेजात शिकणारा तरुण मानधनावर हे सहज सांभाळेल. सकाळी आठला खेळ, मग पुस्तके, साडेदहाला गरम वरण-भात आणि अकराच्या आत मूल घरी, असे वेळापत्रक ठेवले तर उन्हाचा आक्षेपही उरत नाही.

शिक्षकांची सुट्टी हिरावून घ्यावी, असे मी म्हणत नाही. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे. त्यात ही भर घातली तर योजना पहिल्याच आठवड्यात कागदावर उरेल. स्वयंपाक करणाऱ्या मावशी मात्र गावातच असतात. केंद्राच्या निकषाप्रमाणे त्यांना मानधन वर्षातले १० महिनेच मिळते, त्यामुळे सुट्टीत त्यांचीही चूल अडचणीत येते. खर्चाचे म्हणाल, तर मे २०२५ च्या केंद्रीय दरानुसार डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि आठवीपर्यंत १० रुपये १७ पैसे धरले आहेत. तांदूळ केंद्राकडून मोफत येतो. ३० दिवसांचे होतात साधारण २०३ आणि ३०५ रुपये. मानधन वेगळे धरले तरी राज्याला न पेलणारी ही रक्कम नाही. उलट हा दरच तुटपुंजा आहे, तो वाढवायला हवा.

मुलांना जेवू घालणे हे आई-वडिलांचे काम, असेही काही जण म्हणतील. ते काम करता यावे म्हणूनच तर ते भट्टीवर गेलेले असतात. स्थलांतरित मुलांना पटावर नाव नाही म्हणून परत पाठवले, तर सर्वांत गरजू मूलच वगळले जाईल. अमेरिकेत १९६८ पासून सुट्टीतल्या जेवणाची योजना आहे. तिथे गरीब वस्तीतल्या खुल्या केंद्रांवर १८ वर्षांपर्यंतचे कोणतेही मूल येऊन जेवते. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. आपल्याकडेही जिथे मूल असेल तिथल्या शाळेत त्याचे ताट मांडले जावे. मात्र हा निर्णय एप्रिलच्या अखेरीस घेऊन चालणार नाही. तोवर शाळेतला तांदूळ संपत आलेला असतो, गॅसची टाकी परत गेलेली असते आणि मावशींनी दुसरे काम धरलेले असते. केंद्राकडे जाणाऱ्या वार्षिक कार्ययोजनेतच या दिवसांची मागणी नोंदवावी आणि होळीच्या आधी शाळांना लेखी आदेश मिळावा.