पेटीच्या पोटात काय आहे?

— एस. वाय. बी. ए.

संगणकाच्या दुकानात काचेच्या पेटीतून लाल-निळे दिवे उघडझाप करीत असतात आणि ज्याच्या खिशात पैसा मोजका, तोच माणूस नेमका त्या दिव्यांना भुलतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. श्रीमंताने दिवे घ्यावेत. त्याची पेटी बिघडली तर तो दुसरी आणील. आपल्यासारख्यांना खरेदीची संधी एकदाच येते. म्हणून आपण आधी पैसे घालावेत ते डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांत, आणि उरलेच तर दिसणाऱ्या भागांत. बाजार मात्र याच्या नेमके उलट शिकवतो.

विषय आहे होम थिएटर संगणकाचा. नाव ऐकून बिचकू नका. टीव्हीला कायमचा जोडलेला आणि चित्रपट, गाणी, व्याख्याने आपल्याच डिस्कवरून दाखवणारा साधा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे वीजबिलापासून पीकविम्याच्या अर्जापर्यंत जे जे छापील, ते ते मला कळते अशी घरच्यांची ठाम समजूत आहे. "तू कॉलेजात हाईस, तूच बघ," असे म्हणून अण्णांनी सोयाबीनच्या पट्टीतले १५ हजार रुपये बाजूला काढले. तेव्हापासून माझ्या मराठी साहित्याच्या वहीची मागची पाने प्रोसेसर आणि रॅमच्या टिपणांनी भरली आहेत.

चैन म्हणून हे चाललेले नाही. गावात इंटरनेट येते तसे जाते. धाकट्या बहिणीचे दहावीचे पाठ मी इथे कॉलेजच्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हमधून नेतो आणि ती ते मोबाइलच्या वीतभर काचेवर पाहते. टीव्ही घरात आहे, पण त्याला तिचे बीजगणित ठाऊक नाही. शिवाय आजोबांच्या भजनाच्या ११ कॅसेटी आहेत. आजोबा गेले, त्यांच्यामागे टाळ धरणारेही गेले, आणि आता फिती चिकटू लागल्या आहेत. तो आवाज संगणकात उतरवून घ्यायचा आहे. तेव्हा आमच्या दृष्टीने 'विश्वासार्ह' हा जाहिरातीतला शब्द नव्हे.

आधी प्रोसेसर. दुकानदार प्रथम याचेच कौतुक सांगतो आणि पाठोपाठ ग्राफिक्स कार्ड पुढे सरकवतो. चित्रपट पाहायला वेगळे कार्ड लागत नाही. चित्रफीत उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्येच स्वतंत्र व्यवस्था असते. इंटेलच्या प्रोसेसरांत ती २०११ पासून आहे. २०१७ साली डेस्कटॉपवर आलेल्या सातव्या पिढीपासून तिला १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे प्रकारही उलगडता येतात. एव्ही१ हा त्याहून नवा प्रकार हवा असेल तर अकराव्या पिढीपर्यंत जावे लागते. ज्याला सगळे कोरेच हवे, त्याने २०२३ साली आलेला एन१०० पाहावा. तो अवघ्या ६ वॅटचा आहे आणि त्याला एव्ही१ही उलगडतो. आमचा टीव्ही फोर-के नाही, तेव्हा आम्हाला सातवी पिढी पुरे.

आणि सातवी पिढी स्वस्तात का मिळते, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ थांबवले. विंडोज ११ मात्र आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना दारात उभे करीत नाही. म्हणजे कंपन्यांच्या कचेऱ्यांतील धडधाकट यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. त्यांचे हातपाय चालतात. त्यांना फक्त निवृत्त केले आहे. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली घालावी, त्यावर कोडी हा तितकाच फुकटचा कार्यक्रम बसवावा, की टीव्हीवर चित्रपटांची यादी मुखपृष्ठांसह उभी राहते. (हा कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मला, २०१४ पर्यंत त्याचे नाव एक्सबीएमसी होते.) कचेरीतले यंत्र म्हटले की आपल्याकडे 'वापरलेले' म्हणून नाक मुरडतात. मला विचाराल तर ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, एलिटडेस्क या नावांची यंत्रे दिवसभर चालण्यासाठीच बांधलेली असतात. नवा दिवेवाला डबा त्यांच्या पासंगालाही पुरत नाही.

आता मुद्द्याचा भाग, एसएमपीएस. पेटीच्या कोपऱ्यातला हा पत्र्याचा डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची गाळीव वीज बाकीच्या भागांना वाढतो. तो घरातल्या आईसारखा आहे: सगळ्यांना वाढून होईपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्याकडे विजेचे काय चालते ते शहरी वाचकांना सांगून पटणार नाही. सगळे मोटारी चालू करतात तेव्हा बल्ब पिवळा पडतो आणि सगळ्यांनी बंद केल्या की डोळे दिपतात. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही पचवतो. वीज क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाइतकी लपकली, तरी तो आपल्या साठ्यातून काम भागवतो. वाईट एसएमपीएसचा दोष असा की तो मरताना एकटा मरत नाही. आमच्या आळीतल्या एकाने तालुक्याहून नवी पेटी आणली, तिच्यावर '५०० वॅट' असे ठळक छापले होते. दुसऱ्या पावसाळ्यात एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड व डिस्क दोन्ही घेऊन गेला. लेकीच्या लग्नाचे चित्रीकरण त्या डिस्कवर होते.

वॅटच्या आकड्याला म्हणूनच भुलू नये. वेगळे कार्ड नसलेल्या यंत्राला चित्रपट दाखवताना शंभर वॅटही लागत नाहीत. नवा एसएमपीएस घ्यायचा तर नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस'ची खूण असलेला आणि निदान तीन वर्षांच्या हमीचा घ्यावा. या खुणेचा अर्थ एवढाच की घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी येते व बाकीची उष्णता होऊन जाते. तो सुरक्षिततेचा दाखला नव्हे. त्यासाठी जादा व्होल्टेज आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे की नाही ते वेगळे वाचावे. कचेरीच्या यंत्रांतले मूळ एसएमपीएस बहुधा चांगले असतात, पण त्यांचे जोड पुष्कळदा त्या कंपनीपुरतेच असतात, बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना बसत नाही. तेव्हा यंत्र घेण्याआधीच त्याच जातीचा दुसरा मिळेल का, हे विचारून ठेवावे.

डिस्कच्या बाबतीत माझे मत आणखी कडक आहे. बाकी सगळे वापरलेले चालेल, डिस्क वापरलेली नको. वर्षाचे तास ८,७६०. दिवसरात्र चाललेल्या तीन वर्षांच्या डिस्कने २६ हजार तास पाहिलेले असतात, आणि हा आकडा डिस्क स्वतःच्या पोटात लिहून ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या कार्यक्रमाने तो दुकानातच वाचता येतो. जुनी डिस्क 'नवीच' म्हणून पुढे करणाऱ्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होतो. प्रणालीसाठी छोटी नवी एसएसडी आणि चित्रपटांसाठी नवी हार्ड डिस्क घ्यावी. आजोबांच्या आवाजाची दुसरी प्रत मात्र घरातल्या घरात ठेवून भागायचे नाही. ती आत्याच्या गावी जाणार आहे.

बाकीचे थोडक्यात. रॅम ८ जीबी पुरते, पण ती ४-४ च्या दोन पट्ट्यांत असावी, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स तिच्यातूनच आपला वाटा घेते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा आतली रॅम मोजूनच यंत्राचा सौदा करावा. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा हवा, नाहीतर चित्रपटातल्या शांत प्रसंगी गिरणी चालू असल्याचा भास होतो. जुन्या यंत्रांना पुष्कळदा एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असते, त्याला जोडकाम लागते. आणि कॅसेटी उतरवायच्या असतील तर मागे फिकट निळ्या रंगाचे लाइन-इनचे छिद्र आहे का, ते पाहावे. लहान आकाराच्या यंत्रांत ते सहसा नसते.

"एवढा खटाटोप कशाला? टीव्हीला लावायची स्टिक काही हजारांत मिळते," असे वर्गातील एका मित्राने सुनावले. ज्याच्या घरी इंटरनेट अखंड आहे आणि ज्याला वर्गणीचेच चित्रपट पाहायचे आहेत, त्याने खुशाल स्टिक घ्यावी. त्याच्यासाठी तीच उत्तम, कारण वर्गणीच्या सेवा लिनक्सवर आपले सर्वांत स्वच्छ चित्र सहसा देत नाहीत. पण स्टिकवर बहिणीला निबंध टंकता येणार नाही, आणि तिच्यात कॅसेटीही उतरणार नाहीत.

राहिला प्रश्न दुकानाचा. तिथे शेठ आपल्या पायताणाकडे पाहून बोलतो. 'असेंबल्ड आहे, सगळे चांगलेच घातले आहे,' या एका वाक्यात तो पेटीच्या पोटातले सगळे झाकून टाकतो. आपण घाबरू नये. पेटी उघडायला लावावी, एसएमपीएसचे नाव वाचावे आणि प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक व हमीची मुदत वेगवेगळ्या ओळीत असलेले पक्के बिल मागावे. मी पाच दुकानांत मागितले. तिघांनी हसून विषय बदलला, एकाने बिलाचे वेगळे पैसे पडतील म्हणून सांगितले. पाचव्याने न बोलता पेचकस घेतला आणि झाकण काढून पेटी माझ्याकडे वळवली. रविवारी अण्णांना घेऊन त्याच्याकडे जायचे आहे.