अनुदान आले, गाय रिकामीच



२०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान देणे सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते ७ रुपये झाले. जनावराच्या कानात बिल्ला हवा, बँकेचे खाते आधारला जोडलेले हवे, अशा अटी होत्या. त्या दिवसांत डेअरीवर कॅन टेकवता टेकवता जो तो एकच विचारी, "तुमचं जमा झालं का?" दर पडलेला असताना तो आधार मोलाचाच होता. पण अनुदानाने गोठा सुधारतो का, हा प्रश्न वेगळा आहे.

साधा हिशेब मांडू. गाय दिवसाला १० लिटर दूध देते असे धरा. ५ रुपयांप्रमाणे रोजचे ५० आणि दोन महिन्यांचे ३,००० रुपये झाले. आता दुसरी बाजू पाहू. व्यायल्यापासून ६० ते ९० दिवसांत गाय भरवली पाहिजे. एक माज चुकला की पुढचा साधारण २१ दिवसांनी. चार माज चुकले की ८४ दिवस गेले. पुढचे वेत तेवढे लांबले. ते दिवस ती भाकड उभी राहिली आणि वैरणीला रोजचे १०० रुपये धरले, तर ८,४०० रुपये झाले. म्हणजे अनुदानाचे ३,००० गेलेच, वर पदरचे ५,४०० गेले. पासबुकात मात्र हा खर्च कुठे दिसत नाही.

हे आजचेच नाही. १९७८ साली सुरू झालेला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जुन्या मंडळींना आठवत असेल. दुभत्या जनावरासाठी कर्ज मिळे, त्यात अल्पभूधारकाला पाव हिस्सा आणि शेतमजुराला एक तृतीयांश अनुदान असे. घरात बारमाही दूध राहावे म्हणून दुसरे जनावर काही महिन्यांनी द्यावे, अशी योजना होती. जिथे दुसरे आले नाही, पहिलेही वेळेवर गाभण राहिले नाही, तिथे दूध आटले आणि हप्ता चालूच राहिला. म्हैस बाजारात गेली, कर्ज घरात राहिले.

म्हणून सरकारी मदतीतली जी गोष्ट गोठ्यात टिकते, तिचा लाभ आधी घ्या. कृत्रिम रेतन, गाभण तपासणी आणि लसीकरण या त्या गोष्टी. २०१९ पासून लाळ्या खुरकूताची लस केंद्राच्या कार्यक्रमातून मोफत आहे. टोचल्यावर एकदोन दिवस दूध घटते म्हणून आपण टाळाटाळ करतो. रोग आला तर पूर्ण वेत हातचे जाते, हे विसरतो.

आता घरातली गोष्ट. माज ओळखते कोण? बहुधा पहाटे शेण काढणारी घरची बाई. गाय हंबरते, सोट टाकते, चारा सोडते, हे तिलाच आधी दिसते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवावी. एवढ्या थोड्या वेळात तिने मालक बाजारातून येण्याची वाट का पाहावी? दुधाचे खाते मालकाच्या नावावर, म्हणून डॉक्टरला फोनही त्यानेच करायचा, या रीतीत माज निघून जातो.

तेव्हा एवढे करा. गोठ्याच्या भिंतीला कॅलेंडर टांगा. व्यायल्याची, माजाची, भरवल्याची तारीख तिथे लिहा. भरवल्यावर २१ व्या दिवसाच्या आसपास गाय उलटते का, ते पाहा. दोनतीन महिन्यांनी गाभण तपासून घ्या. डॉक्टरचा फोन नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फोन करण्याचा अधिकार जी गोठा सांभाळते तिला द्या.

अनुदान आले तर जरूर घ्या, हक्काचे आहे. पण ते सरकारच्या हुकमाने सुरू होते आणि सरकारच्या हुकमाने थांबते. गाय वेळेवर गाभण राहणे मात्र आपल्या घरावर अवलंबून आहे.

पुढच्या आठवड्यात मुरघासाविषयी.