लिंबाच्या चार थेंबांवर विसंबावे काय ?

उन्हाळा लागला की सुरतेच्या रस्तोरस्ती कलिंगड, पपई आणि सक्करटेटी, म्हणजे आपले खरबूज, यांच्या फोडी मांडलेल्या दिसू लागतात. मधल्या सुट्टीत त्यांचा खपही मोठा असतो. "वर लिंबू पिळले, मीठ-मसाला भुरभुरला, मग जंतूंची भीती कशाला ?" असे विद्यार्थीच काय, सुशिक्षित पालकही म्हणतात. या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु अर्धसत्यावर आरोग्य सोपविणे शहाणपणाचे नव्हे.

साल हा फळाभोवती निसर्गाने उभारलेला तट होय. सुरी फिरताच तो ढासळतो. सालीवरील जंतू गरात उतरतात आणि तेथे त्यांना पाणी व साखर आयतीच लाभते. अनुकूल उष्णतेत काही जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे तीन तासांत ५१२ होतील. २०११ साली अमेरिकेत खरबुजांवाटे पसरलेल्या लिस्टेरिया नामक जंतूने ३३ माणसांचा बळी घेतला. पुढारलेल्या देशाचीही अशा वेळी गय होत नाही.

आंबट व खारट पदार्थ टिकतात, हे आपल्या पूर्वजांना उत्तम ठाऊक होते. कोकणातील आमसुले, खारातल्या कैऱ्या, फणसाचे खारातले गरे ही त्याचीच उदाहरणे. लिंबातील सायट्रिक आम्ल, शिरक्यातील ॲसेटिक आम्ल, लवंगेतील युजेनॉल हे सारे जंतूंची वाढ रोखतात. दुधातील एका निरुपद्रवी जंतूपासून मिळणारे नायसिन हे द्रव्य लिस्टेरियाला आवर घालते. मात्र साल्मोनेला व ई. कोलाय या जंतूंच्या बाह्य आवरणापुढे ते एकटे दुबळे ठरते. म्हणजे नैसर्गिक परिरक्षकांनाही मर्यादा आहेत.

शिवाय खारातली कैरी महिनोन्महिने मिठात बुडालेली असते. फोडीवर पडतात ते लिंबाचे चार थेंब! त्यांनी काही जंतू मरतील, सर्व नव्हे. कलिंगड, पपई व खरबूज यांत मुळात आम्लता कमी. ती पुरेशी वाढवावी तर फळाची गोडी जाते. तात्पर्य, जे लोणच्याला साधते ते ताज्या फोडीला साधत नाही. लिंबू हा स्वच्छतेचा साहाय्यक आहे, तिचा मुनीम नव्हे की सगळा कारभार त्याच्यावर सोडून निर्धास्त व्हावे.

मग करावे काय ? अखंड फळ वाहत्या शुद्ध पाण्याखाली चोळून धुवावे. हात व सुरी स्वच्छ असावी. फोडी झाकून, शक्य तर ५ अंशांखालील थंडाव्यात ठेवाव्या आणि लवकर संपवाव्या. कारण लिस्टेरिया थंडीतही सावकाश वाढतो. त्यानंतर लिंबू अवश्य पिळावे.

येथे कोणी म्हणेल, हातगाडीवाल्याने हे सारे कसे करावे ? प्रश्न रास्त आहे. उघड्यावरील फोडी जप्त करून फेकल्याने एक दिवस रोग टळेल, पण त्या गरिबाची चूल विझेल आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार पुढल्या चौकात होईल. माझ्या मते नगरपालिकेने विक्रीच्या जागी शुद्ध पाण्याचा नळ द्यावा, जाळीच्या पेटीची सक्ती करावी आणि मगच दंडाची भाषा बोलावी. १९९४ च्या प्लेगनंतर याच सुरतेने आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराचे रूप पालटून दाखविले. त्या काळी नियमांइतकेच झाडूनेही काम केले, हे विसरता कामा नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, ग्राहक म्हणून तुमच्याही हाती सत्ता आहे. "आधी फळ धुवा, मग आमच्यासमोर कापा," एवढे नम्रपणे सांगा. दहा जणांनी रोज हेच मागितले तर अकराव्याला ते न मागताच मिळू लागेल.