पहाटेचा पहिला विचार



पुरवणीकडे येणाऱ्या कथा-कवितांच्या पाकिटांत एक चिठ्ठी हमखास सापडते. ‘छापणार असाल तर माझं नाव टाकू नका, दुसरं कुठलंही टाका.’ कधी कारण लिहिलेलं असतं, घरी आवडत नाही. कधी नुसतंच, बरं दिसत नाही. परवा अशीच एक चिठ्ठी हाती आली आणि रिबेका क्लार्क आठवली.

ही बाई इंग्लंडमधली, लंडनजवळच्या हॅरोची. जन्म १८८६चा. पाश्चात्त्य अभिजात संगीतातली रचनाकार. म्हणजे सूर कागदावर लिहायचे आणि वादकांनी ते तसेच वाजवायचे, असं काम. शिवाय ती स्वतः व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीणच म्हणा ना, अंगानं जरा मोठी, आवाजानं खालची.

१९१८ साली न्यूयॉर्कमध्ये तिचा कार्यक्रम होता. पत्रिकेत आपलंच नाव पुन्हा पुन्हा येतंय, याचा तिला संकोच वाटला. म्हणून ‘मॉर्फियस’ नावाच्या रचनेवर तिनं एका मनानंच रचलेल्या पुरुषाचं नाव टाकलं, अँथनी ट्रेंट. झालं! तिच्यापेक्षा या ट्रेंटसाहेबांकडेच जास्त लक्ष गेलं. म्हातारपणी तिनं ही हकिगत गंमत म्हणून सांगितली आहे. मला मात्र वाचताना हसू आलं नाही.

पुढच्याच वर्षी एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या संगीतप्रेमी श्रीमंत बाईंनी अमेरिकेत व्हायोला आणि पियानोच्या रचनांची स्पर्धा ठेवली. रचनाकारांची नावं झाकलेली. सत्तरहून जास्त रचना आल्या. शेवटी दोनच उरल्या, तर सहा परीक्षकांची मतं तीन-तीन अशी फुटली. कूलिजबाईंनी आपलं मत टाकलं आणि अर्नेस्ट ब्लॉख पहिले आले. मग दुसरी रचना कुणाची, म्हणून नाव उघडलं, तर रिबेका क्लार्क! परीक्षकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, असं कूलिजबाईंनीच तिला नंतर सांगितलं. एवढ्यावर थांबलं नाही. रिबेका क्लार्क अशी कुणी बाई नाहीच, ते ब्लॉखचंच टोपणनाव असणार, अशीही आवई उठली. बघा हं, नाव लपवलं तर पुरुषाचं कौतुक, आणि नाव दिलं तर ते नावच पुरुषाचं!

इथवर ती सुखासुखी आली नव्हती. बाप मुलांना बडवणारा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकत असताना एका शिक्षकानं लग्नाची मागणी घातली, तर बापानं शिक्षणच बंद केलं. चूक कुणाची आणि शाळा कुणाची सुटली, हे आपल्याला काही नवीन नाही. पुढे रॉयल कॉलेजात चार्ल्स स्टॅनफर्ड यांच्याकडे ती रचना शिकली. व्हायोला घे, म्हणजे तू सुरांच्या मधोमध बसशील, हा सल्ला त्यांचाच. माजघरात बसणारीला ओसरीवरचंही ऐकू येतं आणि परसातलंही, तसंच ते. मग बापाच्या बाहेरख्यालीपणाबद्दल बोलली म्हणून बापानं तिला घराबाहेर काढलं. हातात व्हायोला होती, तिच्यावर तिनं पोट भरलं. हेन्री वुड यांनी आपल्या वाद्यवृंदात बायकांना घेतलं, त्या पहिल्या काहीजणींत ती होती.

१९२१चं पियानो त्रिकूट, १९२३ची चेलोसाठीची रचना, ही तिची भरभराटीची वर्षं. नंतर लिहिणं विरळ होत गेलं. १९३९मध्ये ती भावांकडे अमेरिकेत गेली होती, तेव्हा युद्ध पेटलं आणि ती तिकडेच अडकली. भावांच्या घरात राहून तिनं थोडं पुन्हा लिहिलं. मग १९४२मध्ये एका कुटुंबात मुलं सांभाळायची नोकरी धरली. दोन वर्षांनी तिनं कॉलेजातला जुना सोबती, पियानोवादक जेम्स फ्रिस्किन, याच्याशी लग्न केलं. दोघंही तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. आणि त्यानंतर तिनं जवळजवळ काहीच लिहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्यानं अडवलं असेल. तर तसं नाही. तू लिही, असं तो सांगत होता. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. सकाळी डोळे उघडताच पहिला विचार रचनेचा आणि रात्री झोपताना शेवटचाही तिचाच, असं असेल तरच मला जमतं, नाहीतर नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आपला पहाटेचा पहिला विचार कुठला? नळाला पाणी आलं का? रात्रीचा शेवटचा? विरजण लावलं का? ‘वेळ काढ की गं थोडा,’ असं घरातले प्रेमानं म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, दुपारचे दोन तास दिले की झालं. काहीजण रिबेकाबद्दलही म्हणतात, तिलाच नको होतं लिहायला. मला ते पटत नाही. तीस-चाळीस वर्षं जिला आपल्या कामाबद्दल संकोच वाटायला लावला, तिनं हक्कानं सकाळ मागायची ती कशी?

१९७६ साली, ती नव्वदीत असताना, न्यूयॉर्कच्या रेडिओवाल्यांनी तिला गाठलं. तेही तिच्यासाठी नाही. तिची मैत्रीण, पियानोवादक मायरा हेस, हिच्या आठवणी हव्या होत्या. बोलता बोलता निघालं की या आजीबाई स्वतः रचनाकार आहेत. मग तिच्या रचना पुन्हा वाजू लागल्या. १९७९ साली, त्र्याण्णव वर्षांची होऊन ती गेली. आयुष्यभरात शंभराच्या आसपास रचना केल्या, त्यातल्या बहुतेक तेव्हा छापलेल्याही नव्हत्या. स्पर्धेतला तो सोनाटा मात्र आज जगभरचे व्हायोलावादक वाजवतात.

मोबाइलवर तिचं नाव घालून ऐकता येतो. सुरुवातीलाच व्हायोला तुतारीसारखी ललकारते. पहिला भाग सात-आठ मिनिटांचाच आहे, वरण-भाताचा कुकर होईस्तोवर ऐकून होतो. मी तर परवा शिट्ट्या मोजायला विसरले.