आधी वाचून दाखव, मग पाठव

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत ती माझ्याकडे मराठी शिकली, पुढे नागपूरला जाऊन समाजकार्याची पदवी घेतली. सलाम-दुआ झाली, चहा झाला, मग तिने पिशवीतून एक कागद काढला. परदेशातल्या एका संस्थेकडे ती स्वयंसेवक म्हणून अर्ज करत होती. जिथे दंगली किंवा यादवी होऊन गेली आहे अशा भागात सलोख्याचे प्रकल्प चालतात. ते सहा आठवडे फिरून बघायचे, ठरलेलं काम खरंच होतंय का, लोक एकत्र बसतात का याची नोंद ठेवायची, आणि फोटो, व्हिडिओ, लेख करून ते जगापुढे मांडायचं, असं ते काम. प्रवासाचा खर्च आणि वर संस्थेची फी, दोन्ही स्वतःचं. त्यासाठी शिक्षकाचं शिफारसपत्र हवं होतं. मजकूर तिनेच लिहून आणला होता. "मॅडम, फक्त सही पाहिजे होती."

मी सही केली नाही. "ठेवून जा, तीन दिवसांनी ये," असं म्हटलं. ती हिरमुसली. तिच्या अम्मीचा समज झाला की मुलगी एकटी परदेशात जाते म्हणून मी आढेवेढे घेतेय. तसं काही नव्हतं. मुलीनं जावं असंच मला वाटत होतं. माझी अडचण वेगळी होती आणि ती माझ्याच एका जुन्या सहीची होती.

काही वर्षांपूर्वी बाहेरून एक पथक आमच्या शाळेत आलं होतं. माणसं चांगली होती, हसून बोलत होती. मुलांचे फोटो काढायची परवानगी मागितली आणि मी सही करून दिली. त्या दिवशी उर्दू आणि मराठी माध्यमाची मुलं एका सतरंजीवर बसून खिचडी खात होती. काही महिन्यांनी तो फोटो त्यांच्या पुस्तिकेत छापून आला. खाली ओळ होती, तिचा अर्थ असा : संघर्षात अडकलेल्या समाजांची मुलं आमच्या प्रयत्नाने एकत्र. ही मुलं रोजच एकत्र जेवतात, ते पथक येण्याआधीही आणि गेल्यानंतरही. एका मुलाचे वडील ती पुस्तिका घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, आमचे पोट्टे केव्हा भांडले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवानगी माझी होती, ओळ त्यांची होती, आणि ती ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नव्हती.

तेव्हापासून "शांतीचा प्रचार" हे शब्द ऐकले की मी जरा सावध होते. तरीही बाहेरच्यांनी येऊच नये, आणि आपल्या मुलांनी बाहेर जाऊच नये, या मताची मी नाही. "आधी आपलं घर झाडा, मग जगाकडे बघा" हे वाक्य मला फार सोयीचं वाटतं. ते बोलणारा माणूस बहुधा घरही झाडत नाही.

सगळ्यांनी तसाच विचार केला असता तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं आनंदवन आज आहे तसं झालं नसतं. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही चळवळ सुरू केली. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनजवळचं एस्न हे फ्रेंच गाव उद्ध्वस्त झालं होतं. तिथे निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक फावडी घेऊन गेले. त्यांत जर्मनही होते. काल आपलं गाव ज्यांच्या तोफांनी पाडलं त्यांच्या हातून ते बांधून घेणं लोकांना पचलं नाही, आणि काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. सेरेसोल खचले नाहीत. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्ये आले, गावं उभी करायला राबले. पुढे पन्नाशीच्या दशकात याच संस्थेचे तरुण वरोऱ्याला बाबा आमट्यांकडे आले आणि कुष्ठरोग्यांच्या बरोबरीने दवाखान्याच्या भिंती बांधू लागले.

त्या भिंतींइतकंच मोलाचं आणखी एक काम त्यांच्याकडून झालं. ज्या माणसांच्या सावलीला वरोऱ्याचे लोक भीत होते, त्यांच्यासोबत हे दूरदेशीचे तरुण राहत होते, त्यांच्या हातचं खात होते. कुतूहलाने बघायला आलेल्या गावकऱ्यांची भीती हळूहळू सैल झाली. जवळच्याला जे दिसत नव्हतं ते परक्याच्या वागण्यातून दिसलं. ही साक्ष कागदावर लिहिलेली नव्हती, महिनोन्‌महिने घाम गाळून दिलेली होती. बाहेरचा डोळा उपयोगी असतो तो असा.

साक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आपल्या दीनमध्ये शहादतला किती वजन आहे, हे मुस्लिम वाचकांना सांगायला नको. साक्ष लपवू नये अशी कुरआनची ताकीद आहे, आणि न्यायाची साक्ष द्यावी, मग ती स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, अशीही आज्ञा आहे. म्हणजे बघणं हे अर्धंच काम. सांगणं हे उरलेलं अर्धं, आणि ते जास्त अवघड.

हेब्रॉनचं उदाहरण घ्या. १९९४ च्या रमजानमध्ये तिथल्या इब्राहिमी मशिदीत फजरच्या नमाजला उभ्या असलेल्या २९ जणांना एका इस्रायली माणसाने गोळ्या घातल्या. त्यानंतर त्या शहरात आंतरराष्ट्रीय निरीक्षक नेमले गेले. नॉर्वे, तुर्कस्तान अशा देशांची माणसं १९९७ पासून बावीस वर्षं रोज गल्लीबोळांतून फिरून नोंदी करत होती. पण त्यांचे अहवाल फक्त दोन्ही बाजूंना आणि निरीक्षक पाठवणाऱ्या देशांना मिळत, लोकांसाठी नसत. २०१९ च्या सुरुवातीला इस्रायलने मुदत वाढवून द्यायला नकार दिला आणि ती माणसं निघून गेली. ते होते तेव्हा काही जुलूम टळलेही असतील. पण बावीस वर्षांची साक्ष फायलीत राहिली.

याच्या उलट उदाहरण 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल'चं आहे, आणि त्याची एक मुळी आपल्या शेजारच्या वर्ध्यापर्यंत येते. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभी केली. साबरमती आणि सेवाग्रामच्या आश्रमांत वाढलेले नारायण देसाई त्या शांतिसेनेचं काम करत होते. १९८१ मध्ये कॅनडात ही नवी संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत तेही होते. ग्वाटेमालात माणसं बेपत्ता होत होती. त्यांच्या नातेवाइकांनी संघटना केली, तर तिचे पुढारीही मारले जाऊ लागले. तेव्हा या संस्थेचे स्वयंसेवक त्या बायामाणसांसोबत नुसते चालू लागले, त्यांच्या घरात राहू लागले. हातात शस्त्र नाही, फक्त वही आणि कॅमेरा. मारेकऱ्याला एवढंच कळायचं की कुणीतरी बघतंय आणि ते उद्या जगाला सांगेल. संस्थेचे नियमही साधे : तिथल्या लोकांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि काय करायचं हे त्यांना शिकवायचं नाही. श्रीलंकेत त्यांचं काम १९९८ मध्ये थांबलं, कारण आपल्या लिखाणावर सरकारचा ताबा त्यांना मान्य नव्हता.

इथे कुणी विचारेल, की सरकारला आधी दाखवायचं नाही, मग त्या खिचडीच्या फोटोखालची ओळ तुम्हाला आधी दाखवायला हवी होती असं का म्हणता? फरक आहे. सत्ता मजकूर मागते तो कापण्यासाठी. ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस मजकूर ऐकतो तो स्वतःला ओळखण्यासाठी. ओळख पटली नाही तर चूक बहुधा लिहिणाऱ्याची असते. शिवाय लिहिणारा परत जातो. त्या ओळीसोबत राहायचं असतं ते मागे राहणाऱ्याला.

आम्हा गडचिरोलीकरांना हे चांगलं ठाऊक आहे. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. वडशाच्या स्टेशनावर उतरणारा पाहुणा पुढे जंगलाकडे जायच्या घाईत असतो. झाडीपट्टीच्या नाटकांचं हे गाव, रात्र-रात्र मंडपात सगळ्या जातिधर्मांची माणसं मांडीला मांडी लावून बसतात, त्यात त्याला बातमी दिसत नाही. आमच्या एका मोहल्ल्यात एकदा मिरवणूक आणि इशाची नमाज एकाच वेळी आली. दोन्हीकडच्या चार वडीलधाऱ्यांनी चहाच्या टपरीवर बसून ठरवलं, पाऊण तास वाजंत्री थांबली, नंतर मशिदीतल्या पोरांनीच मिरवणुकीला पाणी वाटलं. ते चौघे त्याआधी आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, हेही तितकंच खरं. कुणी ते लिहिलं नाही. मीही लिहिलं नव्हतं, आज लिहितेय. दगड पडला असता तर चार कॅमेरे आले असते.

तिसऱ्या दिवशी ती आली. मी म्हटलं, सही करते, पण एक अट आहे. जायच्या आधी आपल्या वडशातलं असं एखादं काम शोध, जे कुणी सांगितलेलं नाही. दोन पानं लिही. आपल्या लोकांचं कमी-जास्त असेल तेही लिही, गोड-गोड नको. मग ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांच्यासमोर बसून ते वाचून दाखव. तिकडे गेल्यावरही हेच कर. दुभाषा लागला तर दुभाषा घे. आणि ही मंडळी तुला बोलावतायत की फक्त फी घेणारी संस्था पाठवतेय, हे पैसे भरायच्या आधी विचारून घे.

ती त्या टपरीवर गेली. चौघांपैकी दोघे आता हयात नाहीत. उरलेल्या दोघांना तिने दोन पानं वाचून दाखवली. एका चाचांनी ऐकून सांगितलं, "पाऊण तास नाही, बेटा, अर्धाच तास थांबले होते. आणि पाणी वाटायची कल्पना पोरांची नव्हती, टपरीवाल्याच्या बायकोची होती." तिने दोन्ही जागी खाडाखोड केली. वर मी लिहिलेलं पाऊण तास आणि पोरांचं पाणी तसंच ठेवलंय. मी ते कुणाला वाचून दाखवलं नव्हतं.

पत्रावर सही केली आहे. फीबद्दल तिने संस्थेला विचारलंय, उत्तर यायचं आहे.